बातमीला झालर लावली म्हणजे फीचर होत नाही

रात्रपाळी
सोमवार, रात्री १.१०

पेपरच्या संपादन डेस्कवर बसून मला बरीच वर्षं झाली. आधी बातम्यांचं पान, नंतर रविवारची पुरवणी. दोन्हीकडे एकच दुखणं बघत आलोय. बातमीदाराकडून फीचर, म्हणजे पुरवणीतला गोष्टीरूप लेख, मागवलं की बातमीच येते, फक्त तिला झालर लावलेली असते. आणि पुरवणीतल्या लेखकाला बातमी लिहायला सांगितली तर तिसरा परिच्छेद संपला तरी नेमकं झालं काय याचा पत्ता लागत नाही.

परवा एका नव्या मुलाची कॉपी, म्हणजे बातमीचा मजकूर, आली. घाटात बस दरीत कोसळलेली. इंट्रो, म्हणजे सुरुवातीची ओळ, असा होता: 'पहाटेच्या कोवळ्या उन्हात दरी धुक्याची दुलई पांघरून निजली होती.' मृतांचा आकडा सहाव्या ओळीत. मुलगा मनापासून लिहिणारा आहे. त्याला कुणीतरी 'जरा फीचर टच दे' असं सांगितलं होतं. मी त्याला फोन लावला आणि एकच विचारलं, धुकं होतं का? तो म्हणाला, सर, मी दुपारी पोचलो.

म्हणजे धुकं त्यानं पाहिलेलंच नव्हतं. आणि ते खरोखर असतं तर? मग ती सजावट उरत नाही, ते अपघाताचं संभाव्य कारण ठरतं. ड्रायव्हरला पुढचं दिसत होतं की नाही, हा त्या बातमीतला कळीचा प्रश्न आहे. दुलई म्हणून घातलेल्या शब्दानं त्यानं नकळत एक साक्ष नोंदवून टाकली होती.

त्या रात्रीपासून हे डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. फीचर म्हणजे मऊ, बातमी म्हणजे कडक. फीचर म्हणजे लांब, बातमी म्हणजे आखूड. फीचरमध्ये भाषा, बातमीत माहिती, असं आपण नव्या मुलांना शिकवतो. यातलं एकही मला पटत नाही. माझं म्हणणं असं की फीचरला बातमीपेक्षा जास्त रिपोर्टिंग लागतं. कमी तर नाहीच नाही. फरक माहितीच्या क्रमात आहे आणि वाचक काय घ्यायला आलाय त्यात आहे.

कोण, काय, कुठे, केव्हा, का, कसं हे सहा ककार दोघांनाही सारखेच लागू. बातमी पहिल्या चारांची उत्तरं इंट्रोतच देऊन मोकळी होते. 'का'चं उत्तर बहुतेक वेळा त्या दिवशी मिळतच नाही, 'चौकशी सुरू आहे' एवढ्यावर भागतं. फीचर त्या 'का' आणि 'कसं'मध्ये मुक्काम ठोकतं. आणि मुक्काम करायचा तर तिथलं सगळं माहीत हवं.

उदाहरण जुनंच देतो, कारण मला त्याहून चांगलं सापडलेलं नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली, त्यांचा दफनविधी २५ नोव्हेंबर १९६३ला झाला. जगभरचे बातमीदार तिथे होते आणि सगळ्यांनी जवळपास तेच लिहिलं, कारण सगळ्यांना तेच दिसत होतं. न्यूयॉर्क हेरल्ड ट्रिब्यूनच्या जिमी ब्रेस्लिननं कबर खणणारा माणूस गाठला. त्याला ताशी ३ डॉलर १ सेंट मिळत होते. रविवारी सकाळी त्याला कामावर यायचा फोन आला, तो आला, यंत्रानं कबर खणली. प्रत्यक्ष विधीच्या वेळी तो टेकडीपलीकडे दुसऱ्या कबरी खणत होता. बघायला गेला तर गर्दीमुळे सैनिकानं त्याला पुढे जाऊ दिलं नाही.

त्या लेखात 'देश शोकसागरात बुडाला' असलं काही नाही. ३ डॉलर १ सेंट आहे. तो एक सेंट विचारून घ्यावा लागतो.

---

निळी शाई
सोमवार, सकाळी ८.३५

रात्रपाळीदादा, मुद्दा पटला. पण एक बाजू राहिली, ती बातमीदार म्हणून मांडते.

ब्रेस्लिनला कबर खणणारा सापडला, कारण त्याच्या पेपरचे बाकीचे बातमीदार विधी सांभाळत होते. ते जर सगळे कबर खणणाऱ्यांच्या मागे लागले असते तर दुसऱ्या दिवशी वाचकाला केनेडींना कुठे, किती वाजता, कुणाच्या उपस्थितीत पुरलं ते कुणी सांगितलं असतं? फीचर नेहमी बातमीच्या खांद्यावर उभं असतं. त्याबद्दल माझी तक्रार नाही, पण खांद्याचं नाव कुठेच येत नाही. बक्षीस फीचरला. साध्या चार परिच्छेदांच्या बातमीसाठी संध्याकाळी सात ते नऊ या दोन तासांत पाच फोन, दोन नकार, एक 'नाव छापू नका' आणि एक चुकीचा आकडा दुरुस्त करणं, हे कुणाला दिसत नाही. आणि ते दिसू नये हाच त्या लिखाणाचा गुण आहे.

शिवाय आमच्याकडे वाक्य कमी असतं म्हणून चूक लपत नाही. 'तिघे जखमी' लिहिलं आणि निघाले चार, तर दुसऱ्या दिवशी सकाळी फोन येतो. फीचरमध्ये 'त्याच्या डोळ्यांत एक खोल वेदना होती' असं लिहिलं तर कोण फोन करणार?

---

रात्रपाळी
सोमवार, दुपारी १२.२०

तुमचं शेवटचं वाक्य मी कापून डेस्कवर लावतोय. अगदी तेच मला म्हणायचं होतं आणि जमलं नाही.

---

जुना खिळा
सोमवार, दुपारी ३.०५

मी पत्रकार नाही. छापखान्यात खिळे जुळवायचो. शिशाच्या अक्षरांचे खिळे, ते ठेवायचा लाकडी खाना, ओळ जुळवायची हातातली काठी. नंतर ऑफसेट छपाई आली आणि ते काम गेलं.

उलटा पिरॅमिड, म्हणजे महत्त्वाचं वर आणि किरकोळ खाली अशी बातमीची मांडणी, आम्हाला कुणी शिकवला नाही, आमच्या हातात तो होता. पान लावताना बातमी दोन ओळी जास्त भरली की फोरमन संपादकाला विचारायला जायचा नाही. रात्री दोनला कोण भेटणार? खालच्या दोन ओळी उचलायच्या आणि बाजूला ठेवायच्या. चांगल्या बातमीदाराची बातमी कुठूनही खालून कापली तरी उभी राहायची. काही जणांची कापली की पाय तुटल्यासारखी व्हायची.

पुरवणीच्या मजकुराला मात्र सक्त ताकीद असायची, खालून हात लावायचा नाही. एकदा मी चार ओळी काढल्या होत्या. त्या लेखात एका म्हातारीची हकीकत होती आणि तिचा मुलगा परत आला की नाही ते नेमकं त्या चार ओळींत होतं. दुसऱ्या दिवशी जे ऐकून घेतलं ते अजून लक्षात आहे. तेव्हापासून मला विचाराल तर फरक एवढाच: बातमी खालून कापता येते, फीचर खालून कापलं तर मरतं.

---

मधली ओळ
सोमवार, सायंकाळी ७.४५

जुना खिळा, तुमचा प्रतिसाद मी वर्गात वाचून दाखवणार आहे, परवानगी गृहीत धरते.

मी पत्रकारिता शिकवते, म्हणून थोडा इतिहास. उलट्या पिरॅमिडबद्दल एक गोष्ट सर्रास सांगितली जाते: अमेरिकन यादवी युद्धात (१८६१ ते १८६५) तारा मध्येच तुटायच्या म्हणून बातमीदार महत्त्वाचं आधी पाठवायला लागले. ऐकायला छान आहे, पण तेवढं सरळ नाही. त्या काळातले अंक काढून पाहणाऱ्या अभ्यासकांना युद्धाच्या बऱ्याच बातम्या घडलं त्या क्रमानेच लिहिलेल्या सापडल्या. हा ढाचा रुळला तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि पुढे. तारेचा शब्दागणिक खर्च, अनेक वृत्तपत्रांना एकच मजकूर पुरवणाऱ्या वृत्तसंस्था, घाईतला वाचक, शिवाय 'आम्ही फक्त तथ्य देतो' ही नवी भूमिका, असं सगळं त्यामागे आहे. आणि जुना खिळा म्हणतात ती खालून कापण्याची सोय तर आहेच.

मला यातून महत्त्वाचं वाटतं ते असं. गोष्ट क्रमानं सांगणं हा मूळचा प्रकार. निकाल आधी सांगून मग तपशील देणं ही नंतरची, शिकून घ्यायची रीत. त्यामुळे 'फीचर म्हणजे नवीन फॅशन' असं जे म्हणतात त्यांनी जरा मागे जाऊन बघावं.

बक्षिसाचं म्हणाल तर पुलित्झर या अमेरिकेतल्या पत्रकारिता पुरस्कारांमध्ये फीचरलेखनाचा वेगळा विभाग १९७९ला आला. पहिला मान जॉन फ्रँकलिनला, बाल्टिमोरच्या ईव्हनिंग सनमध्ये १९७८च्या डिसेंबरात आलेल्या मेंदूच्या शस्त्रक्रियेवरच्या लेखाला. त्याची सुरुवात मी दरवर्षी फळ्यावर लिहिते: सर्जन पहाटे उठतो, बायको त्याला नाश्ता देते, पण कॉफी देत नाही. कॉफीनं हात थरथरतात. बास. पुढचे कित्येक परिच्छेद वाचक त्या हातांकडे बघत राहतो. आणि ती रोगी बाई शेवटी दगावते. बातमी असती तर पहिल्या ओळीत तेच आलं असतं आणि ते बरोबरच ठरलं असतं.

---

उंबरठा
मंगळवार, सकाळी ७.१५

मी निव्वळ वाचक. माझं रडगाणं वेगळं आहे.

धरणातून पाणी सोडणार अशी कुजबुज असते, मी फोन उघडते, आणि समोर येतं 'ती सकाळ नेहमीसारखीच उजाडली होती.' अहो, पाणी सोडलं का ते सांगा! खाली सरकवत सरकवत जावं तर मधे सहा जाहिराती. उत्तर अगदी तळाला, कधी कधी तिथेही नाही. याला तुम्ही लोक फीचर म्हणत असाल तर मला फीचर नको.

उलट रविवारी निवांत बसले असताना कुणी मला पूरग्रस्ताचं घर दाखवत असेल आणि पहिल्याच वाक्यात 'एकूण इतकी कुटुंबं बाधित' आलं तर मी पान उलटते. आकडा मला आठवडाभर आधीच कळलेला असतो.

---

रात्रपाळी
मंगळवार, दुपारी १.४०

उंबरठाताई, त्या 'नेहमीसारखी सकाळ'वाल्या मजकुराला मी फीचर म्हणत नाही. ती लपवलेली बातमी. वाचकाला तळापर्यंत ओढायचं म्हणून उत्तर दडवलेलं आहे. फीचर उत्सुकता ताणतं, पण वाचकाच्या जिवाशी किंवा निर्णयाशी संबंध असलेली माहिती कधीही ओलीस ठेवत नाही. पाणी सोडणार की नाही ही बातमीच, आणि तीसुद्धा एका ओळीची.

आणि खऱ्या फीचरमध्येही वाचकाला किती वेळ ताटकळत ठेवायचं याची मर्यादा असते. चौथ्या-पाचव्या परिच्छेदापर्यंत 'हे मी का वाचतोय' याचं उत्तर यायलाच हवं. इंग्रजी डेस्कवर त्याला नट ग्राफ म्हणतात, मी गाभ्याचा परिच्छेद म्हणतो. वॉल स्ट्रीट जर्नलनं ही रीत नावारूपाला आणली: आधी एक माणूस, मग 'अशी वेळ हजारोंवर का आली' हे सांगणारा परिच्छेद, मग पुन्हा तो माणूस. आता तिचाही साचा झालाय. कर्जावर लेख असला की एक शेतकरी, बेकारीवर असला की एक पदवीधर, दोन परिच्छेदांनंतर तो माणूस गायब आणि शेवटी निरोपाला पुन्हा हजर. माणसाला दारातल्या तोरणासारखं वापरणं मला पाहवत नाही. त्याच्यामुळे लेखात काही कळलं नाही तर त्याला आणूच नये.

---

निळी शाई
मंगळवार, रात्री ११.२५

मला अजून एक बोलायचंय आणि ते जरा टोचेल.

बातमी खोटी निघाली तर सहसा लवकर कळतं. त्याच घटनेला दुसऱ्या पेपरचा माणूस असतो, पोलीस असतात, चॅनेल असतं. फीचरला लेखक एकटा गेलेला असतो. त्या खोलीत तो आणि एखादी म्हातारी, तिसरं कुणी नाही.

जॅनेट कुकनं वॉशिंग्टन पोस्टमध्ये २८ सप्टेंबर १९८०ला आठ वर्षांच्या हेरॉईनच्या व्यसनी मुलाची कहाणी लिहिली. शहर हादरलं, पोलीस त्या मुलाला शोधत होते. एप्रिल १९८१मध्ये पुलित्झर मिळालं आणि दोनच दिवसांत परत करावं लागलं, कारण असा मुलगाच नव्हता. आणि ती पकडली गेली ती लेखातल्या चुकीवरून नाही. बक्षिसानंतर तिच्या शिक्षणाच्या माहितीत तफावत सापडली, तिथून धागा निघाला. बक्षीस मिळालं नसतं तर?

पुढे २०१८च्या डिसेंबरात डेर श्पीगेल या जर्मन साप्ताहिकाचा बातमीदार क्लास रेलोटिउस. बक्षिसांची रांग, आणि लेखांमध्ये रचलेली माणसं, रचलेले प्रसंग. त्याचा सहकारी हुआन मोरेनो याला एका संयुक्त लेखातले तपशील खटकले आणि त्यानं स्वतः जाऊन माणसं शोधली, म्हणून उघडकीला आलं. श्पीगेलकडे मजकूर तपासणारा मोठा विभाग होता, तरीही. कारण तपासणारे गावाचं नाव, लोकसंख्या, अंतर तपासतात. 'ती गाणं गुणगुणत होती' हे कसं तपासणार?

म्हणून मला 'फीचरमध्ये लेखकाला मोकळीक असते' हे वाक्य ऐकलं की धडकी भरते. कसली मोकळीक? क्रमाची, लयीची, कुठे थांबायचं याची. तथ्याची नाही. 'त्याला वाटलं' असं लिहिलं असेल तर वहीत नोंद हवी की त्यानं ते कधी, कुठे सांगितलं.

---

मधली ओळ
बुधवार, सकाळी ६.५०

वरच्या मुद्द्यावर दोन उपाय जोडते. जॉन हर्सीचा हिरोशिमा. न्यूयॉर्कर या साप्ताहिकानं ३१ ऑगस्ट १९४६चा अख्खा अंक त्या एका लेखाला दिला. बॉम्ब पडून वर्ष झालेलं, बातमी म्हणून शिळी. त्यानं बॉम्बमधून जगलेली सहा माणसं घेतली. आणि पहिलंच वाक्य घड्याळ लावून: सकाळचे ८ वाजून १५ मिनिटं, तारीख, शहर, एक कारकून मुलगी कचेरीत आपल्या जागेवर बसली आहे आणि शेजारच्या मुलीशी बोलायला मान वळवते आहे. चार ककार एका वाक्यात, कुठल्याही बातमीला लाजवेल असे. वेगळेपण फक्त त्या वळलेल्या मानेत आहे. संपूर्ण लेखात आवाज चढत नाही. दुःख मोठं असेल तर भाषा खाली ठेवायची, ही शिस्त तिथे दिसते.

दुसरं, प्रत्येक प्रसंगाला दोन साक्षी. लेखक गे टलीझला १९६६च्या एस्क्वायर मासिकातल्या त्या प्रसिद्ध लेखासाठी गायक फ्रँक सिनात्रानं मुलाखत दिलीच नाही. तो महिने काढून सिनात्राच्या आजूबाजूच्या माणसांशी बोलला, लांबून बघत राहिला. नकारामुळे तो एकाच तोंडावर विसंबून राहू शकला नाही, आणि लेख त्यामुळेच भक्कम झाला असं मला वाटतं.

---

पहिला मसुदा
बुधवार, रात्री १०.३०

नमस्कार. मी सहा महिन्यांपासून वार्ताहर आहे. धागा दोनदा वाचला. माझ्याकडे आत्ता एक विषय आहे, तुम्ही सगळे जाणते आहात म्हणून विचारतो.

एक जुनी हवामान वेधशाळा आहे. तिथे एक निरीक्षक वर्षानुवर्षं हातानं पाऊस आणि तापमान मोजतात. आता शेजारी स्वयंचलित यंत्र बसलंय आणि महिनाअखेरीला हातानं मोजणं बंद होणार. बातमी मी दिली, तीन परिच्छेद छापून आले. आता फीचर करायला सांगितलंय. माझा इंट्रो:

'काळाच्या ओघात अनेक गोष्टी मागे पडतात. निसर्गाशी नातं जपणारा एक हात आता विसावणार आहे. पावसाच्या प्रत्येक थेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या या अवलियाची ही कहाणी.'

---

रात्रपाळी
बुधवार, रात्री ११.५५

तुम्ही विचारलंत याचा आनंद झाला, म्हणून आडपडदा न ठेवता सांगतो. या तीन ओळींत त्या वेधशाळेतलं काहीही नाही. 'अवलिया'च्या जागी घड्याळजी घाला, तारमास्तर घाला, मजकूर तसाच चालेल. जो इंट्रो दुसऱ्या माणसाला लावता येतो तो याचा नव्हे.

मला सांगा, तो माणूस किती वाजता मोजतो? कशानं? मोजताना त्याचं शरीर काय करतं? उभा असतो का वाकतो? चुकला तर काय होतं? सुट्टी घेतली तर कोण मोजतं? आणि हात आणि यंत्र दोन्ही आत्ता शेजारी शेजारी चालू असतील तर दोघांचे आकडे जुळतात का?

यातलं तुम्हाला आत्ता किती माहीत आहे?

---

पहिला मसुदा
गुरुवार, सकाळी ९.०५

सर, वेळ माहीत आहे. बाकी नाही. मी तिथे चाळीस मिनिटं होतो आणि त्यातली तीस ते यंत्राबद्दल बोलत होते. उद्या पहाटे पुन्हा जातो.

---

मधली ओळ
गुरुवार, सकाळी १०.४०

जाताना प्रश्नांची यादी खिशात ठेवा, हातात नको. पहिला तास काही विचारू नका. आणि नोंदवही बघायला मागा. लिहिलेल्या वह्या माणसांपेक्षा नीट बोलतात.

जाण्याआधी एक वाचून जा. १९५५मध्ये कोलंबियाच्या नौदलाचे आठ जण समुद्रात पडले, दहा दिवसांनी एकच खलाशी किनाऱ्याला लागला. त्याची कहाणी सगळ्यांनी छापून चोथा केल्यावर तो एल एस्पेक्तादोर या दैनिकाकडे आला. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला गार्सिया मार्केझ तिथे बातमीदार होता. त्यानं रोज सहा तास, अशा वीस बैठका घेतल्या. एका बैठकीत त्यानं वादळाचं वर्णन विचारलं. खलाशी म्हणाला, वादळ नव्हतंच. जहाजाच्या डेकवर चोरटा माल लादलेला होता, फ्रिज, टीव्ही, धुलाई यंत्रं. जहाज कललं, माल सुटला आणि माणसं त्याच्याबरोबर पाण्यात गेली. सरकार वादळ सांगत होतं. चौदा भागांची मालिका झाली आणि शिळी झालेली हकीकत मोठी बातमी ठरली. कशामुळे? वादळ कसं होतं, एवढं कुणीतरी नीट विचारलं.

---

पहिला मसुदा
शनिवार, रात्री ८.१५

जाऊन आलो. दोन दिवस, दोन्ही पहाटे.

ते ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी बाहेर येतात. दोन तापमापक असतात, त्यातल्या एकाच्या फुग्याला ओलं मलमल गुंडाळलेलं असतं. ते मलमल ते आधी बोटानं चाचपतात. कळकट झालं किंवा सुकलं तर आर्द्रतेचा आकडा चुकतो. मग पर्जन्यमापकातलं पाणी काचेच्या मोजपात्रात ओततात, पात्र दगडी ओट्यावर ठेवतात आणि चिखल असो नसो, गुडघे टेकून बसतात. डोळा पाण्याच्या पातळीला आणायला. वरून बघितलं तर आकडा कमी-जास्त दिसतो. पाणी काचेच्या कडेला थोडं चढलेलं असतं, मधला खळगा वाचायचा. त्यांच्या पँटच्या दोन्ही गुडघ्यांवर ठिगळं आहेत, आतून लावलेली.

नोंदवही मागितली, त्यांनी आनंदानं दिली. यंत्र बसल्यापासून ते स्वतःच्या आकड्याशेजारी पेन्सिलीनं यंत्राचा आकडाही लिहितात. कुणी सांगितलेलं नाही. रिमझिमीच्या दिवशी दोन्ही जवळपास सारखे. पण ज्या दिवशी पाऊस कोसळला त्या प्रत्येक दिवशी यंत्राचा आकडा लहान आहे.

मी एका उपकरणतज्ज्ञाला फोन केला. तो म्हणाला, यात नवल नाही. त्या यंत्रात झोक्यासारखी दोन कप्प्यांची छोटी वाटी असते, एक कप्पा भरला की कलंडतो आणि एक नोंद होते. फार जोराचा पाऊस असला तर कलंडण्याच्या त्या क्षणात पडलेलं पाणी मोजणीतून निसटतं. म्हणून आकड्याला दुरुस्ती लावायची पद्धत आहे. या केंद्रावर ती लावली आहे का ते त्याला माहीत नव्हतं. मी अधिकाऱ्यांना लेखी विचारलंय.

आता मला कळत नाहीये. हे फीचरमध्ये घालू का?

---

निळी शाई
शनिवार, रात्री ८.४०

नाही! ही बातमी आहे. पूर, धरण, पिकांची भरपाई, सगळं त्या आकड्यावर चालतं. रविवारपर्यंत थांबवू नका आणि निरीक्षकाच्या आठवणींमध्ये पुरू नका. उत्तर येऊ दे, आलं नाही तर 'विचारणा केली, उत्तर मिळाले नाही' असं लिहा. आणि 'यंत्र चुकतंय' असं लिहू नका. तुमच्याकडे एवढंच आहे: जोराच्या पावसाच्या दिवशी दोन आकड्यांत फरक आहे, त्याचं ज्ञात कारण असं, दुरुस्ती लावली का याचं उत्तर अमुक.

आणि त्या निरीक्षकांना आधी सांगा की वहीतले आकडे छापणार आहात. त्यांनी वही विश्वासानं दिली आहे, अजून नोकरीत आहेत.

---

रात्रपाळी
शनिवार, रात्री ९.३०

निळी शाई म्हणतात तसंच करा, शब्दशः. बातमीचा इंट्रो असा काहीसा: 'जुन्या वेधशाळेत हाताने मोजलेला पाऊस आणि नव्या स्वयंचलित यंत्राची नोंद यांत मुसळधार पावसाच्या दिवशी तफावत आढळली आहे.' विशेषण एकही नाही. ठिगळं नाहीत.

फीचरची सुरुवात मी लिहून देणार नाही, तुमच्याकडे ती आहे. फक्त 'अवलिया' काढा.

---

उंबरठा
रविवार, सकाळी ७.०५

ठिगळं आतून लावलेली, हे वाचून मी थांबले. बायको लावते का ते स्वतः?

---

पहिला मसुदा
रविवार, सकाळी ९.२०

स्वतः. मीही विचारलं होतं.

---

पहिला मसुदा
बुधवार, सकाळी ८.००

निरीक्षकांशी बोललो. ते म्हणाले, आकडे छापा, आकडे लपवायला मोजत नाही. अधिकाऱ्यांचं उत्तर काल संध्याकाळी आलं: या केंद्रावर दुरुस्ती अजून लावलेली नाही, हातानं मोजणं बंद करण्याआधी लावू. बातमी आज आली. मी पाच परिच्छेद दिले होते, डेस्कनं खालचा एक उडवला. त्यात नोंदवहीतल्या पेन्सिलीबद्दल होतं. बातमीला काही झालं नाही, नीट उभी आहे. पेन्सिल रविवारच्या लेखात आधीपासूनच आहे, दुसऱ्या परिच्छेदात.